हाताला दोन वेढे

"निऱ्या घालता येतात ना, वहिनी? मग झालं. हा पट्टा तसाच धरायचा."

मुल्ला हवालदारांनी तीस फुटांचा नारिंगी पट्टा अंगणात सोडला. खाटेच्या निवारीसारखा चपटा, पण चिवट. एका टोकाला पितळी कडी, दुसरं टोक नुसतं जाळून बंद केलेलं, ना गाठ ना फासा. त्यांनी तो हातभर मापानं डाव्या तळव्यावर पुढं-मागं, पुढं-मागं घेतला आणि अंगठ्यानं दाबून मला दाखवला. खरंच निऱ्या.

"वेटोळं करायचं नाही. वेटोळं म्हणजे फास. कुत्रं पळालं की एकेक घडी आपोआप सुटत गेली पाहिजे. फारच झालं तर सरळ सोडून द्यायचा. कुत्रं परत सापडतं, बोट सापडत नाही. हाताला गुंडाळायचा नाही. मनगटाला नाही, बोटाला नाही. श्वान पथकात एकवीस वर्षं काढलीत मी. दोघांची बोटं गेलेली या डोळ्यांनी बघितलीत."

"मुल्ला," ओसरीवरून सासरे म्हणाले, "तिला कशाला शिकवतोस? कुत्री माझी हाय. फिरवणार मी."

"तुम्ही ऐकणार नाही म्हणून, आप्पा."

"उभी हयात कासरा धरला मी. बैल उधळला तर काय करायचं? हाताला दोन वेढे टाकायचे, टाच रवायची. बैल जागच्या जागी उभा."

"बैल ओढतो, आप्पा. ही झटका देती." मुल्ला माझ्याकडं वळले. "दुसरी गोष्ट, वहिनी. हा लांब पट्टा गळ्यातल्या पट्ट्याला कधी अडकवायचा नाही. छातीच्या पट्ट्यालाच. मान बघा तिची, माझ्या मनगटाएवढी. गळ्याला ओढ बसली की ही जात बिथरती, खोकती, हाक मारली तरी उलटी ओढती. अन् जोरात पळताना अडली तर..." त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. "तिसरी. पट्टा जमिनीवर जेवढ्या जागेत पडलाय तेवढ्यात माणूस नको. लेकरू तर नकोच नको. सैल पडलेला पट्टा दिसायला गरीब असतो."

मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलच्या वेळी लिहायची तसं, आकडे टाकून.

"लिव्ह बाई, लिव्ह," सासरे म्हणाले. "परीक्षा हाय उद्या."

मी त्यांना मामा म्हणायची. आमच्या भागात सासऱ्याला मामाच म्हणतात. आमची वस्ती जत तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर लांब माळावर. चार खोल्या, पुढं ओसरी, मागं गोठा, आणि चहूबाजूंनी कुसळं नि दगड. लांब टेकडीवर पवनचक्क्या. माझा नवरा सुदर्शन त्या पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता. आठवड्यातले चार दिवस तो तिकडंच असे. घरात मी, आमची शर्वी, मामा, आणि भिंगरी.

भिंगरी कारवानी जातीची, शिकारीची कुत्री. उभट, फासळ्या मोजता येतील अशी, पिवळसर मातीच्या रंगाची. सासूबाई गेल्या त्या वर्षी मामांनी ती पिल्लू असताना आणली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मामांशी बोलणारी तीच होती. म्हणजे मामा बोलायचे, ती ऐकायची. "व्हय का गं, काय म्हणतीस," असं ते तिला विचारायचे. माझं नाव त्यांच्या तोंडी क्वचित यायचं. कामापुरतं "आगं", नाहीतर "मॅडम".

शर्वी अकरा महिन्यांची असताना भिंगरीनं तिच्या हातातल्या भाकरीच्या तुकड्यावर झडप घातली. चावली नाही. नख लागलं. डाव्या भुवईत तीन टाके पडले आणि इंजेक्शनांसाठी पाच खेपा झाल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर डोळा गेला असता. तो अर्धा इंच पुढं कित्येक महिने माझ्या डोक्यातून गेला नाही. मी भाकरी थापताना तो अर्धा इंच दिसायचा. शर्वी झोपली की मी बोटानं मोजायची.

मामा म्हणाले होते, "खेळताना लागलं. ह्याच्या बापाला बैलानं शिंगावर घेऊन टाकलं हुतं, मेला का? कॉलेजात काय शिकवलं तुला, भ्यायला?"

"ह्याच्या नाही मामा, हिच्या. मुलगी आहे."

"तेच की."

त्या रात्री मी सुदर्शनला सांगितलं, घरात एकतर कुत्री राहील नाहीतर मी नि शर्वी.  दोन दिवसांनी तो मुल्लांना घेऊन आला आणि बापासमोर, माझ्यासमोर त्यानं निकाल दिला. एक महिना भिंगरीला लांब पट्ट्यावर शिकवायचं. महिना झाला की तो स्वतः माळावर उभा राहून बघणार. मामांनी पाच हाका मारायच्या. पाचही हाकांना ती परत आली तर राहील, आणि शर्वीजवळ कधी सुटी सोडायची नाही. एक जरी हाक चुकली तर मुधोळकडचा त्याच्या ओळखीचा माणूस तिला घेऊन जाईल.

"पट्टा आप्पांनी धरायचा," सुदर्शन म्हणाला, "आणि लक्ष तू ठेवायचंस. मुल्लाकाकांनी सांगितलेलं सगळं होतंय की नाही ते तू बघायचं."

मला वाटलं, बरं झालं. कारवानी कुत्री, समोर ससा दिसल्यावर हाकेला परत येणार? महिनाभर धीर धरायचा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिला घेऊन माळावर निघाले. मी शर्वीला कडेवर घेऊन ओसरीच्या पायरीवर उभी. बघते तर पट्टा तळव्यात नाही, मनगटाला दोन वेढे.

"मामा, हाताला गुंडाळू नका."

"आं?"

"हाताला! गुंडाळू नका!"

"मॅडम म्हणतात गुंडाळू नका," त्यांनी भिंगरीला सांगितलं. वेढे काढले. दहा पावलं गेले आणि परत टाकले.

हे रोजचं झालं. सकाळी सात वाजता मी ओरडायची, ते काढायचे, पुन्हा टाकायचे. चौथ्या दिवशी एक होला फडफडून उठला, भिंगरीनं उसळी घेतली आणि मामा चार हात फरफटले. मनगटाची साल निघाली. मी हळद लावायला बसले तर म्हणाले, "हसून घे."

"मी हसत नाहीये."

"आतनं हसतीस."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसून माझ्यापुढं हात केला. "दाव बघू. ते निऱ्याचं."

मी दाखवलं. त्यांची बोटं जाड, पेरांना भेगा. घडी एकसारखी पडायची नाही. सासूबाईंच्या लुगड्याच्या निऱ्या कधी धरल्या नव्हत्या का, असं माझ्या तोंडातून गेलं. मला वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "ती कुठं धरू देती. म्हणायची, तुमचे हात म्हंजे कानस." आणि हसले. त्या घरात येऊन मला अडीच वर्षं झाली होती. मामांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पंधरा दिवसांनी त्यांना घडी जमायला लागली. छातीचा पट्टा बकलं न चुकता चढवता यायला लागला. मी काही सांगितलं की आधी "हूं" यायचं, मग "बरं" यायला लागलं, मग "असं करू का तसं गं स्वरूपा?" खिशात शेंगदाणे आणि भाकरीचे वाळके तुकडे ठेवून ते माळावर जायचे. शीळ घालून हाक मारायचे, "भिंगऱ्ये!" ती लांबून कान टवकारायची, वळायची आणि जमिनीला पोट लावल्यासारखी पळत यायची. आधी पाचातून दोनदा. मग तीनदा.

त्याच दिवसांत शर्वी चालायला लागली. चार पावलं, धप्प. सहा पावलं, धप्प. ती चालायला लागली तशी माझी झोप गेली. रांगणाऱ्या लेकराला चटईवर ठेवता येतं. चालणारं लेकरू कुठंही जातं. मी तिच्या पैंजणांना जास्तीची घुंगरं लावून घेतली. दाराला आडवी फळी मारली. रोज सकाळी ओसरीवरून माळाकडं बघत हाका मोजायची.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी पाचातून पाच झाल्या. शुक्रवारी पाच. शनिवारी मामांनी मुद्दाम कोंबडी सोडली तिच्यापुढून, तरीही पाच.

"बघितलंस का, स्वरूपा?" त्यांनी लांबून ओरडून विचारलं.

"बघितलं, मामा."

"उद्या सुद्र्याला दावू. तू लक्ष ठिवलंस म्हणून झालं बघ. मी कुठला आयकतोय."

ते संध्याकाळभर गुणगुणत होते. मी शर्वीला भरवताना तिच्या भुवईवरची खूण बघत होते. उद्यापासून ही कुत्री या घरात कायमची, असं मनाशी म्हणून बघितलं. घास माझ्या हातातच राहिला.

त्या शनिवारी मी छातीचा पट्टा धुतला होता. मळला होताच. माळावरच्या वाऱ्यात तासाभरात खडखडीत वाळला. मी तो काढून आणला नाही.

रविवारी सुदर्शन रात्रपाळी संपवून नऊपर्यंत येणार होता. साडेआठला मामा पायताण घालून तयार.

"स्वरूपा, छातीचा पट्टा कुठाय गं?"

"दोरीवर आहे मामा. ओला आहे अजून."

"वारं एवढं हाय की."

"आतून ओला आहे. ओला घातला तर काखेत घासेल तिच्या, कातडं सोलून निघेल. मुल्लाकाका म्हणाले नव्हते का?"

मुल्ला असं काही म्हणाले नव्हते. महिन्यापूर्वी मामांनी उठून त्याला हात लावून बघितला असता आणि मला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी ते म्हणाले, "मग नगं. तू म्हणतीस तर नगं. आजच्या दिवस ऱ्हाऊ दे का मग?"

"तसं कसं? हे येतील आता. तोवर एकदा फिरवून घ्या. गळ्यातल्याला अडकवा. एका दिवसानं काय होतंय."

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. गळ्याला ओढ बसून ती बिथरावी, खोकावी, उलटी ओढावी, आणि सुदर्शनसमोर एक हाक चुकावी. एक. एवढंच.

मामांनी कडी गळ्यातल्या पट्ट्याला अडकवली. पट्टा तळव्यावर घेतला, छान एकसारख्या निऱ्या घालून, आणि मला हात वर करून दाखवला. मी मान हलवली.

त्या दिवशी मी ओसरीवर थांबले नाही. मला जवळून बघायचं होतं. शर्वीचं बोट धरून मी माळावर त्यांच्या मागं वीसेक पावलांवर जाऊन उभी राहिले.

भिंगरी पहिल्यांदा पुढं गेली तेव्हा पट्टा ताणला आणि ती खोकली. थांबून मान झटकली. मामांनी पट्टा लगेच सैल सोडला, तिच्याकडं दोन पावलं गेले, "आजच्या दिवस, बाई, आजच्या दिवस," असं काहीतरी म्हणाले. मग शीळ घातली. ती आली.

दुसऱ्यांदा गेली. हाक मारली. वाकडीतिकडी, मान तिरकी करून, पण आली. त्यांनी तिला शेंगदाणे दिले.

 ही येणार. गळ्यात पट्टा असो नाहीतर फास असो, त्यांनी बोलावलं की ही येणार. मी तिच्या मानेकडं, पायांकडं, कानांकडं बघत होते. कुठं चुकतेय, कुठं अडखळतेय. दोन पावलं पुढं झाले. नीट दिसावं म्हणून डोळ्यांवर हात धरला.

तोच हात शर्वीनं धरलेला होता.

घुंगरं वाजली असतील. मला ऐकू आली नाहीत. तिसऱ्या खेपेला भिंगरी मामांच्या डावीकडून फिरून पुढं गेली होती आणि पट्टा जमिनीवर मोठा वळसा घेऊन सैल पडला होता. शर्वी आजोबांकडं निघालेली. चालत चालत ती त्या वळशाच्या आत जाऊन उभी राहिली. नारिंगी पट्टा तिला आवडायचा. ती वाकून तो उचलायला बघत होती.

बोरीच्या झुडपाखालून ससा उठला.

मी बघितलं ते असं. भिंगरी आधी दिसत होती आणि मग दिसेनाशी झाली, इतकी ती वेगानं गेली. मामांच्या तळव्यावरच्या घड्या एकामागून एक सुटल्या, शिकवलं होतं तशाच. त्यांनी मान वळवली. त्यांना शर्वी दिसली. जमिनीवरचा पट्टा सरळ व्हायला लागला होता, सापासारखा, तिच्या पायांकडं.

नियमाप्रमाणं सोडून द्यायचा. सोडला असता तर तो तिच्या घोट्यांभोवती आवळून तिला दगडांवरून घेऊन गेला असता.

मामांनी सोडला नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, तीन ढांगांत शर्वीच्या पलीकडं गेला, भिंगरीच्या बाजूला. पळता पट्टा त्यांनी उजव्या हातानं धरला आणि मनगट फिरवून दोन वेढे टाकले. टाच रवली. शर्वीकडचा पट्टा जिथल्या तिथं पडून राहिला. तिला स्पर्शसुद्धा झाला नाही.

मामांच्या हातातून एक आवाज आला, ओल्या फांदीचा येतो तसा. आणि पुढं दहा-बारा हातांवर भिंगरी हवेत उलटली, गोल फिरली, पाठीवर पडली.

शर्वीनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, खेळ आहे.

मी पळत जाऊन शर्वीला उचललं. घोटे बघितले, पोटऱ्या बघितल्या, पैंजणं काढून बघितली. काही नव्हतं. परत बघितलं.

"स्वरूपा, पाणी आण गं."

मामा गुडघ्यांवर भिंगरीपाशी होते. उजव्या हाताची दोन बोटं उलट्या बाजूला गेलेली, धोतरावर रक्त. डाव्या हातानं ते तिच्या गळ्यातलं बकल सोडवत होते. सुटेना तेव्हा दातानं ओढत होते. तिची छाती खालीवर होत होती, पण वारा आत जात नव्हता. पाय हलत नव्हते. डोळे मामांवर.

"पाणी आण की गं बाई."

मी शर्वीचे तळपाय बघत होते.

"स्वरूपा!"

मी घराकडं गेले. शर्वीला कडेवर घेऊन, फळी ओलांडून, माठातून तांब्या भरला. परत आले तेव्हा बकल सुटलं होतं. पाण्याचा उपयोग राहिला नव्हता. मामांनी तांब्या घेतला नाही. म्हणाले, "पोरीला लागलं का?"

"नाही."

"बघ नीट."

"बघितलं, मामा. नाही लागलं."

"मग झालं," ते म्हणाले.

सुदर्शनची मोटारसायकल तेवढ्यात आली. त्यानं माझ्याकडं शर्वीबद्दल विचारलं, बापाच्या हाताला टॉवेल गुंडाळला आणि गावातून जीप बोलावली. सांगलीच्या दवाखान्यात दुपारी दोन वाजता मामांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकावं लागलं. भिंगरीला गावातल्या कुणीतरी पुरलं. कुठं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

संध्याकाळी मामांना वॉर्डात आणलं. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर. सुदर्शन खाटेच्या कडेला, मी स्टुलावर, शर्वी माझ्या मांडीत झोपलेली. डॉक्टर कागद भरत होते.

"झालं कसं हे?"

"कुत्र्याचा पट्टा," सुदर्शन म्हणाला. "लांब असतो तो. पण तो हातावर घडी घालून धरायचं शिकलो होतो आम्ही. आप्पा, कसं झालं?"

मामांनी ओठ ओले केले. ते माझ्याकडं बघत नव्हते, छताकडं बघत होते. ते काय सांगणार होते मला माहीत नाही. पण त्यानंतरचा प्रश्न मला माहीत होता. शर्वी तिथं कशी आली? तिचं बोट कुणी सोडलं? आणि त्याच्यानंतरचा, गळ्यातल्याला का अडकवला?

"मामांनी हाताला गुंडाळला," मी म्हणाले. "महिनाभर सांगत होते मी. रोज सांगत होते. दोन वेढे टाकले होते हाताला."

मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.  मग त्यांची नजर खाली आली, माझ्या मांडीवर, शर्वीच्या पायांवर.

"व्हय," ते म्हणाले. "सवय. कासऱ्याची."

"आप्पा!" सुदर्शन उभा राहिला. "अहो किती वेळा सांगायचं? ती बिचारी घसा फोडून सांगत होती. मुल्लाकाकांनी सांगितलं, मी सांगितलं. नात तिथंच होती तुमची! तिला काय झालं असतं म्हणजे? तुमच्या हट्टापायी एक दिवस..."

"व्हय रं," मामा म्हणाले. "चुकलं माझं."

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं.

आठ दिवसांनी मुल्ला हवालदार घरी आले. ओसरीवर बसले, मामांच्या हाताकडं बघून नुसती मान हलवली. मग त्यांनी तो नारिंगी पट्टा मागितला. कडी उलटसुलट करून बघितली. कडीत पिवळे केस अडकलेले.

"मानेवरचे केस आहेत, आप्पा. छातीवरचे नाहीत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गळ्याला लावला होता?"

मी चहा ओतत होते. कपातून बशीत, बशीतून खाली सांडला.

"मीच लावला," मामा म्हणाले. "तिनं सांगितलं हुतं, थांबा जरा म्हणून. मला घाई. सुद्र्याला दावायचं हुतं नव्हं."

"एवढं सांगून..."

"म्हातारं खोड, मुल्ला. वाकतंय कुठं."

मुल्ला उठताना मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी. तुम्ही केलं तेवढं पुष्कळ केलं."

ही गोष्ट गावात पसरली. गावातल्या बायका सुनांना माझं उदाहरण द्यायला लागल्या, शिकलेली सून बघा कसं लक्ष ठेवते म्हणून. पारावर कुणी मामांना "या, कासरेवाले" म्हणायचं आणि मामा हसायचे. सुदर्शन त्यांच्याशी वर्षभर नीट बोलला नाही. घरातली कुठलीही गोष्ट असली, गोठ्याचं पत्र्याचं छप्पर असो नाहीतर बियाणं, मामा म्हणायचे, "स्वरूपाला इचार. ती लक्ष ठिवून असती." हे ते टोमणा म्हणून म्हणत नव्हते. मी कितीतरी दिवस त्यात टोमणा शोधला.

आता शर्वी बारा वर्षांची आहे आणि मामांना जाऊन तीन वर्षं झाली. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, सुनेनं फार केलं. मी ऐकून घेतलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं. मी ओसरीवर शर्वीला दूध पाजत होते. मामा आतून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. पुढं आले नाहीत. अडीच वर्षांत त्या माणसानं घरातल्या कुठल्या गोष्टीची मला परवानगी विचारली नव्हती. ओसरी त्यांची, घर त्यांचं, नात त्यांची. शर्वीनं त्यांना बघून दोन्ही हात वर केले.

"उचलू का गं हिला?" त्यांनी मला विचारलं. डावा हात पुढं होता, उजवा पाठीमागं लपवलेला. "डाव्या हातानं उचलतो. पडणार न्हाय. उचलू का?"

एक शब्द बोलायचा होता. कुठलाही चालला असता. त्यांनी खाली मान घालून वाट बघितली, शाळेतल्या मुलासारखी, आणि ती मान बघून मला कळलं की आता हे घर माझं आहे.

"हात धुवून या," मी म्हणाले.

ते धुवायला गेले. बँडेजचा हात लांब कोरडा धरून, एकट्या डाव्या हातावर पाणी घेत, बराच वेळ.